बिनआवाजाचा पंखा

सोमवारी सकाळी त्यानं हॉटेलच्या किचनचा मोठा खटका खाली ओढला आणि काहीच झालं नाही. म्हणजे दिवे लागले, गरम पाण्याच्या टाकीत खळबळ सुरू झाली, फ्रीजरनं नेहमीसारखा घसा खाकरला. पण डोक्यावरचा एक्झॉस्ट पंखा बोलला नाही. तो स्वतः तोंड उघडून उभा राहिला. खरोखरच उघडून. कांद्यांची टोपली पुढ्यात, सुरी हातात, छाती भरून घेतलेली, आणि गाणं घशाशी येऊन चप्पल काढू की नको अशा पाहुण्यासारखं ताटकळलेलं. वर पाहिलं तर जाळीमागे नवी कोरी पाती फिरत होती. त्यानं हात उंच करून पाहिला, हवा ओढली जात होती. पंखा चालू होता, फक्त त्याला आवाज नव्हता. आदल्या रात्री किचन आवरल्यावर कंत्राटदाराची माणसं येऊन जुना काढून नवा बसवून गेली होती. मॅनेजरनं हे आधी सांगितलंही होतं आणि त्यानं खुशीनं मान डोलावली होती, कारण जुन्या पंख्यातून अधूनमधून तेलाचा थेंब गळायचा आणि नेमका पांढऱ्या सॉसवर पडायचा. "बरं झालं, सुटलो," असं तो तेव्हा म्हणाला होता. माणूस काय काय बोलून जातो.

मग त्यानं गायला सुरुवात केली, कारण कांदे काही स्वतःहून चिरले जाणार नव्हते. पहिली ओळ बाहेर पडली आणि तो दचकला. किचनमध्ये कुणीतरी गात होतं. भिंतीच्या पांढऱ्या फरशांवर आपटून तो आवाज परत आला, जरा घोगरा, जरा म्हातारा, शेवटी थोडा हलणारा. इतकी वर्षं तो पंख्याच्या घरघरीखाली गात आला होता. पांघरुणात शिरून गावं तसं. आज कुणीतरी पांघरूण ओढून नेलं होतं. भांडी घासणाऱ्या मावशी मागच्या दारानं आत आल्या, पदर खोचता खोचता थबकल्या आणि म्हणाल्या, "आज इथं कुणी गेलंय का? एवढं शांत कसं?"

"पंखा बदललाय, मावशी."

"मग तुम्ही कशाला चोरासारखे गाताय?"

किचनमध्ये त्याला सगळे बुवा म्हणत. मॅनेजर पाहुण्यांसमोर शेफ म्हणायचा, पगाराच्या कागदावर आणखी लांबलचक काहीतरी होतं, पण तो बुवाच. तसं पाहिलं तर बुवासारखं त्याच्यात काही नव्हतं. तो गायचा ती गॉस्पेलची गाणी, टाळ्यांची, पाय आपटायची, मध्येच कुणीतरी मागच्या बाकावरून "हो देवा" म्हणून ओरडायची. चर्चमधल्या गाण्यांच्या ताफ्यात तो पुढच्या रांगेत उभा राहायचा आणि रविवारी सुरुवात त्याचीच असायची. पण हाताला काम लागलं की तोंडाला गाणं लागायचंच, आणि अशा माणसाला दुसरं काय म्हणणार. पाववाला, म्हणजे भट्टीवर असायचा तो आडदांड गडी, एकदा म्हणाला होता की बुवा गाताना सूप ढवळतात की सूप ढवळताना गातात हे देवालाच विचारायला हवं. बुवा हसला होता. त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरज पडली नव्हती.

कारण सगळं किचनच त्या गाण्यावर चालायचं. भिंतीवर घड्याळ होतं, पण वाफेनं त्याची काच इतकी पिवळी पडली होती की त्यात काटे आहेत यावर विश्वासच ठेवावा लागे. कस्टर्ड उतरवायचं ते दोन कडवी आणि एक धृपद संपल्यावर. अंडी उकडायचं गाणं वेगळं, जलद, पायाच्या टाचेवरचं. हाडांचं पाणी आटवायला मात्र एक गाणं पुरत नसे, तिथं अख्खी उपासना लागायची. आणि बुवाचं हे घड्याळ हळूहळू सगळ्यांचंच झालं. कांद्याच्या गाण्याचं तिसरं कडवं आलं की पाववाला भट्टीचं दार उघडायचा. मावशी पहिल्या आमेनला गरम पाणी सोडायच्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या घरात कुणी ठराविक वेळी खोकतं त्या घरात त्या खोकल्यावर चहा टाकला जातो, तसं हे.

त्या सोमवारी तो चोरासारखा गायला आणि गाणं चोर पळतो तसं पळालं. तिसरं कडवं केव्हाच आलं. पाववाल्यानं नेहमीसारखं भट्टीचं दार उघडलं, लांब फळीनं पाव बाहेर ओढले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. सगळे फिक्कट, अंग चोरून बसलेले.

"बुवा, आज पाव आजारी दिसतायत."

कस्टर्डही धरलं नाही. बाहेरच्या एका गिऱ्हाईकानं वाटी परत पाठवली. अशी गोष्ट शेवटची केव्हा घडली होती हे आठवण्यात त्याची सगळी दुपार गेली. आणि त्या दुपारीच, आजारी पावांचे तुकडे सूपमध्ये टाकण्यासाठी तव्यावर परतत असताना, त्याच्या लक्षात आलं की आपण अजूनही वाट बघतोय. प्रत्येक गाण्याआधी एक क्षण तो थांबत होता, मान किंचित वर करून. तो सूर मागत होता. रोज सकाळी खटका ओढला की तो जुना पंखा आधी कुरकुरायचा, मग घरघरायचा आणि मग एका जागी येऊन बसायचा, एकच लांब सूर, जाड, तेलकट, न हलणारा. आणि तो त्याच्यावर पाय ठेवून वर चढायचा. इतकी वर्षं. त्याला वाटत आलं होतं की पंखा मागे कुठेतरी चालू असतो आणि आपण गातो. आता कळत होतं की पंखा गायचा आणि आपण त्याच्या मागून चालायचो.

कुणाला ही बाब हसण्यासारखी वाटेल. त्यालाही वाटली, काही वेळ. पण शनिवारी थोरलीचं लग्न होतं.

थोरलीनं लग्नासाठी बापाकडे एकच गोष्ट मागितली होती. स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही ही अट होती, मागणं नव्हे. जेवणाचं त्याच्या किचनमधलीच मंडळी बघणार होती आणि त्यांनी त्याला, बुवा, तुम्ही दिसलात तर भट्टीत घालू, अशी तंबी दिली होती. मागणं वेगळं होतं. "बाबा, पियानो नको," ती म्हणाली होती. "चर्चच्या दारात तू सुरू कर. नुसत्या गळ्यानं. तू सुरू केलंस की मला कळतं, आता निघायचं. मग आपण चालत पुढे जाऊ, आणि मागून बाकीचे धरतील." तिला कळायचं हे खरं होतं. ती लहानपणापासून उशिराची. एक बूट सापडायचा तर दुसरा नाही, वेणी अर्धी, डबा ओट्यावर. तो कधी ओरडला नाही. दारात जाऊन उभा राहायचा आणि गाणं सुरू करायचा, तेच एक, उशिरा येणाऱ्यांचं:

दारात दिवा ठेव, देवा, मी उशिरा येणार आहे,
चिखलात पाय माखले, तरी मी येणार आहे.

आणि ती कुठूनतरी धावत यायची, एक मोजा हातात. मग दोघं शाळेच्या रस्त्यानं गात जायची. धाकटी मात्र शिस्तीची, आधीच दप्तर पाठीवर घेऊन त्या दोघांच्या चार पावलं पुढे, ही माणसं माझी कुणी नाहीत असा चेहरा करून. तर ते गाणं. लग्नात उशिराचं गाणं म्हणतात का, असं बायको म्हणाली होती. थोरली म्हणाली, "आई, मी लग्नालाही उशिराच पोचणार आहे, मग निदान गाणं तरी खरं असू दे."

बुधवारी तालीम होती. पियानोवर बसणाऱ्या बाई, ज्यांना सगळे पियानोबाईच म्हणत, अतिशय काटेकोर, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांना बुवाचं फार कौतुक. दर रविवारी बुवानं गाणं उचललं की त्या हळूच एक पट्टी दाबून बघायच्या आणि प्रत्येक वेळी सूर तिथंच, केसभरही इकडेतिकडे नाही. "ही देवाची देणगी आहे," त्या नव्या लोकांना सांगायच्या, आणि तो नम्रपणे खाली बघायचा, म्हणजे आतून पुरीसारखा फुगायचा. रविवारी सकाळचा नाश्ता लावून, एप्रन काढून, तो किचनमधून थेट चर्चमध्ये यायचा. कानात पंखा तसाच असायचा. ही गोष्ट आता, तालमीत उभं राहून, त्याला इतकी स्वच्छ दिसली की त्याचे कान तापले. देवानं दिलेला सूर की कंत्राटदारानं बसवलेला? आणि कंत्राटदारानं बसवलेला असेल तर इतकी वर्षं त्यानं मान खाली घालून जे कौतुक गोळा केलं ते परत कुठे नेऊन द्यायचं?

"घ्या, बुवा," पियानोबाई म्हणाल्या.

त्यानं घेतलं. पहिल्याच ओळीला ताफ्यातले भारी आवाजाचे लोक विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तसे उतरू लागले आणि बायकांचा आवाज काठावरच राहिला. इतकं खाली. दुसऱ्या ओळीला पियानोबाईंनी पट्टी दाबली, कपाळाला आठ्या घातल्या, आणखी एक दाबली, मग हात मांडीवर घेतले. मागे एक जण खोकला. पियानोबाई उठून त्याच्याजवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "सर्दी झालीय का? शनिवारी मी इथून एक सूर दाबून देईन, कुणाला कळणारही नाही."

"नको," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की त्याला स्वतःचीच लाज वाटली. "तिला नुसत्या गळ्यानं हवंय."

गुरुवारी दुपारी, दोन जेवणांच्या मधल्या रिकाम्या वेळात, तो भंगारवाल्याकडे गेला. का गेला हे त्याला नीट सांगता आलं नसतं. शहराच्या त्या टोकाला त्याचं कधी काम पडलं नव्हतं. मोडक्या सायकली, वॉशिंग मशीनची पोटं, खुर्च्यांचे पाय, आणि या सगळ्यांत ऐटीत बसलेला भंगारवाला, खारे शेंगदाणे खात. पंखा सापडला. एका पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेला, पाती वाकलेली, वर्षानुवर्षांचं तेल कडेला साकळलेलं. त्या तेलात त्याच्या सगळ्या सूपांचा, सगळ्या रश्श्यांचा वास होता, हे जवळ गेल्यावर कळलं आणि त्याला उगीचच एखाद्या नातेवाईकाला दवाखान्यात भेटायला आल्यासारखं झालं. त्यानं हातानं पातं फिरवलं. पातं फिरलं, थोडं कुरकुरलं, थांबलं.

"मोटर वेगळी काढली," भंगारवाला म्हणाला. "तांब्याचा भाव बरा आहे. तुम्हाला काय हवंय?"

"आवाज कसा यायचा ते बघत होतो."

भंगारवाल्यानं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, मग पुडीतले दाणे पुढे केले. "घ्या. आवाजासाठी कुणी आलं नव्हतं आजवर. गाडीच्या हॉर्नला येतात कधीतरी."

तो दाणे खात बसला. समोरच्या पत्र्यावर ऊन होतं आणि त्याला, अगदीच अवेळी, पहिला दिवस आठवला. तेव्हा तो शेफबिफ नव्हता. मोठी पातेली घासायला लागला होता, आणि भीतीनं त्याचे दात वाजत होते. घरी त्याचं गाणं कुणाला आवडायचं नाही. वडील सज्जन माणूस होते, पण दिवसभर यंत्रांच्या गोंगाटात काम करून येत आणि घरात त्यांना नुसती शांतता लागे. "गळा आवर" एवढंच म्हणत, तेही रागानं नाही, थकून. म्हणून तो गळा आवरायला शिकला होता. आणि त्या किचनमध्ये, त्या घरघरीखाली, त्याला पहिल्यांदा कळलं की इथं आपलं कुणालाच ऐकू जाणार नाही. म्हणून तो गायला. कुणी ऐकत नाही म्हणून. गाणं असं सुरू झालं होतं. त्यात देणगी होती की आडोसा होता, हे आता भंगारात बसून कोण ठरवणार? पण ते आठवलं तेव्हा त्याला वाईट वाटायच्या ऐवजी हसू आलं. मोटर काढलेल्या त्या पंख्याला त्यानं जाताना हलकेच थोपटलं. हात तेलकट झाला.

संध्याकाळी गच्चीवर बायको लग्नाच्या पाहुण्यांसाठी काढलेल्या चादरी वाळत घालत होती. तो चिमटे हातात देत उभा राहिला. त्यांचं हे काम नेहमी दोघांचं असायचं. चादर एकट्यानं पिळता येत नाही, असं तिनं लग्नाच्या पहिल्या आठवड्यात जाहीर केलं होतं आणि तो ते अजून मानत आला होता. तिला गाणं येत नव्हतं. येत नव्हतं म्हणजे अजिबात, सूर तिच्या बाजूनं गेला तरी ती त्याला ओळख देत नसे. तरी रविवारी ती सगळ्यांत मोठ्यानं गायची. त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं होतं ते त्यामुळेच. पुढच्या रांगेत उभा असताना मागून एक आवाज आला, सगळ्यांपेक्षा उंच आणि सगळ्यांपेक्षा चुकलेला, इतका बिनधास्त चुकलेला की त्याला मागे वळून बघावंच लागलं.

त्यानं तिला सगळं सांगितलं. पंखा, पाव, तालीम. भंगारवालासुद्धा. ती ऐकत चादर झटकत होती. पाण्याचे थेंब त्याच्या तोंडावर उडत होते.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला पंखा सांगत होता, कुठून गायचं ते," ती म्हणाली.

"तसंच काहीसं."

"मग बरं झालं की. मला वाटायचं, तुम्ही सगळं स्वतःच करता."

"अगं, चेष्टा नको करू. शनिवारी मी चुकलो तर?"

"चुकलात तर चुकलात. मी दर रविवारी चुकते. कुणी मला चर्चबाहेर काढलं?"

"तुझी गोष्ट वेगळी आहे."

"का? मी बाई म्हणून का बेसूर म्हणून?" चादरीच्या वरून तिचे डोळे दिसत होते, आणि डोळ्यांवरून ती हसतेय हे कळत होतं. मग ती चादरीखालून वाकून त्याच्या बाजूला आली. "एक सांगू? मी तुमच्या गाण्यावर भाळले नव्हते. मला गाणं कळतं कुठे? तुम्ही त्या दिवशी चर्चच्या जेवणात वाढत होतात. आणि एका म्हाताऱ्यांना दात नव्हते, तर तुम्ही न सांगता त्यांच्या ताटातला पाव सूपमध्ये कुस्करून दिलात आणि दुसरीकडेच बघत गप्पा मारत राहिलात, त्यांना लाज वाटू नये म्हणून. मी तेव्हाच ठरवलं. गाणं नंतर गळ्यात पडलं."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही सारखे गात होतात. मधे बोलायला जागा कुठे होती?"

तिनं हे विनोद म्हणून म्हटलं आणि ते विनोद म्हणूनच हवेत राहिलं, तरी जिना उतरताना तो ते मनात घोळवत होता. घरात थोरली नवऱ्या मुलाशी फोनवर बोलत होती. नवरा मुलगा दातांचा डॉक्टर. गुणी होता, फक्त त्याच्यासमोर तोंड उघडायला सगळे बिचकत. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा बुवानं आग्रहाखातर एक गाणं म्हटलं आणि ते संपल्यावर भावी जावई अतिशय आदरानं म्हणाला होता, "फार सुंदर. वरची डावीकडची शेवटची दाढ मात्र दाखवून घ्या." त्या मुलाच्या मागे उद्या घरातून एक माणूस जाणार होतं, म्हणजे परवा. थोरली फोनवर हसत होती, सोफ्यावर आडवी, पाय भिंतीला. ती तान्ही होती तेव्हा बायकोची ड्यूटी दुपारची असायची आणि तो दोन जेवणांच्या मध्ये धावत घरी यायचा, तिला छातीवर पालथी घेऊन पडायचा. हाताला कांद्याचा वास. ती रडायची तर तो तोंड न उघडता गुणगुणायचा, नुसता छातीतून, आणि ती कान लावून गप्प व्हायची. गाणं तिनं आधी हाडांतून ऐकलं होतं. तिचं डोकं तेव्हा एका मोठ्या टोमॅटोएवढं असेल, आणि तसंच गरम.

शनिवार उजाडला तो इतका निवांत की त्याला त्या निवांतपणाचाच राग आला. चर्चच्या पायऱ्यांवर फुलं होती. आत सगळे बसले होते. मावशी नव्या साडीत पुढून तिसऱ्या बाकावर, जेवण दुसऱ्यांच्या भरवशावर सोडून आल्यामुळे अस्वस्थ. पियानोबाई पियानोपाशी, हात मांडीवर, वचन दिल्याप्रमाणे. धाकटी आत जाऊन सगळं जागेवर आहे असा अंगठा दाखवून गेली. थोरली अर्थातच उशिरा आली. पांढऱ्या कपड्यांत, केसांतली एक पिन तोंडात धरून, ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं हात त्याच्या कोपरात घातला. दार उघडलं. लांब वाट, टोकाला पाळक, पाळकांच्या बाजूला जावई, इस्त्री केलेला आणि पांढरा पडलेला.

"अगं, एक सांगायचं राहिलं," तो ओठ न हलवता म्हणाला.

"आत्ता?"

"किचनमधला पंखा बदललाय."

तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं. पिन केसांत खोचली. "बाबा, तू घाबरलायस."

"थोडा."

"मी पण. चल, सुरू कर."

त्यानं छाती भरली. मान वर जाऊ लागली तशी त्यानं ती खाली घेतली, तिथं वर फक्त लाकडी छत होतं. आणि त्यानं गाणं उचललं. तालमीत खाली गेलं होतं या धास्तीनं त्यानं ते असं उचललं की पहिली ओळ संपायच्या आतच त्याला कळलं, हे फार वर आहे. पुढे धृपदात चढण होती. ती चढण त्याला दिसत होती, आणि आपला घसा तिच्या पायथ्याशी फाटणार हेही दिसत होतं. मागची ताफ्यातली माणसं श्वास घेऊन तयार होती आणि कुठं धरायचं ते त्यांना कळत नव्हतं. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तो थांबला. सबंध आयुष्यात त्यानं गाणं मध्ये सोडलं नव्हतं. कढई पेटली होती तेव्हासुद्धा त्यानं झाकण मारता मारता कडवं पुरं केलं होतं. आता मात्र शांतता. सगळे बाक मागे वळले. पियानोबाईंचा हात उचलला गेला, आणि हवेत राहिला. बायको पुढच्या बाकावरून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, नुसतं कुतूहल होतं, आता हा माणूस काय करतो याचं.

गंमत म्हणजे त्याला वाटलं होतं तितकं ते भयंकर नव्हतं. ती शांतता मऊ होती. तिच्यात लोक होते. त्यानं थोरलीकडे पाहिलं आणि, आजवर कुणालाच न विचारलेलं, तिला विचारलं.

"कुठून घेऊ?"

ती गोंधळली. मग हसली. मग तिनं डोळे मिटून, मानेला किंचित हेलकावा देत, तोंड न उघडता एक सूर काढला. बारीक, थोडा थरथरता, पण जागेवर उभा. "इथून," ती म्हणाली.

तो सूर त्याच्या ओळखीचा नव्हता. पंख्याचा नव्हता, पियानोचा नव्हता, त्याच्या कुठल्याच रविवारचा नव्हता. तो त्याच्या गळ्यात अशा एका जागी येऊन बसला की जिथं तो कधी गेलाच नव्हता. स्वतःच्या घरात इतकी वर्षं राहून एक खोली आहे हे माहीतच नसावं, आणि दार लोटल्यावर आत चांगलं ऊन पडलेलं असावं, तसं. दारात दिवा ठेव, देवा, त्यानं म्हटलं. आवाज घोगरा होता. तसा असू दे. दोघं चालू लागली. दुसऱ्या पावलाला भारी आवाजांनी खालून धरलं, मग बायका आल्या, मग टाळ्या, मग पाय, मावशी चुकीच्या जागी आमेन म्हणाल्या, पुढच्या बाकावरून बायकोचा सगळ्यांपेक्षा उंच, सगळ्यांपेक्षा चुकलेला आवाज उठला, आणि चढण आली तेव्हा त्याला चढावं लागलंच नाही. लोकांनी ती त्याच्या पायाखालून सरकवत नेली.

वाट संपली तरी गाणं संपलं नव्हतं. शेवटचं कडवं राहिलं होतं. पाळकांनी हात वर केला तसा ताफा हळूहळू थांबला, टाळ्या थांबल्या, आणि आता त्यानं तिचा हात सोडून बाजूला व्हायचं होतं. तो सोडायला लागला. पण तिनं धरून ठेवला, आणि एकटीच गाऊ लागली. पहिला शब्द आला, "आलो", आणि पुढे काही नाही. तिनं सूर तसाच लांबवत धरला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून घाबरून त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. हे कडवं तिला येतच नव्हतं. शाळा जवळ होती. शेवटच्या कडव्याच्या आधीच फाटक यायचं, रोज, आणि ती हात सोडून आत पळायची. उरलेलं तो एकटाच परतीच्या वाटेवर म्हणायचा.

तो तिच्या कानाशी वाकला. "तेव्हा दार उघडं," तो पुटपुटला, आणि तिनं ते उचलून गायलं. "ताट वाढलेलं होतं." तिनं गायलं. "कुठं होतास, असं मला." तो थोडं थोडं देत होता, तिचं गाऊन झालं की पुढचं, घाई न करता, एक उतरल्याशिवाय दुसरं नाही. सूर तिचा होता, शब्द त्याचे, आणि गाणं नेमकं कोण म्हणतंय हे त्या चर्चमध्ये कुणाला सांगता आलं नसतं. जावयानं अदबीनं एक पाऊल पुढे टाकलं होतं, तो तिथंच थांबला. पाळकही पुस्तकात बोट घालून थांबले.

थांबू देत, त्याला वाटलं. लेक जेवतेय.

"कुणी विचारलं नव्हतं," त्यानं शेवटचा घास दिला.